सोनेरी रंगाखालची चंद्रावती

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हा सोनेरी रंग माझा नव्हे, तो मला नंतर फासलाय. मूळचा मी काळाकुट्ट आणि तसाच बरा होतो. सध्या मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कजवळच्या एका सोसायटीच्या ऑफिसात काचेच्या कपाटात बसून असतो. खाली पाटी आहे, 'कै. परशुराम वागळे यांच्या स्मरणार्थ'.

मित्रांनो, वागळेकाका विम्याच्या कचेरीत कारकून होते, पण वेड सगळं जुन्या विनोदी सिनेमांचं. नायक-नायिकांशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. चिखलात पडणारा कोण, पिठात लोळणारी कोण, हे शोधत ते गावोगाव हिंडायचे. ज्यांचं नाव कधी पडद्यावर आलं नाही, त्यांच्या दारात मला काखोटीला मारून जायचे. "पडलेला माणूस सगळ्यांना आठवतो. नंतर त्याची पाठ कुणी शेकली, तेही कुणी लिहायला नको?" असं म्हणायचे. अशा चाळीस कॅसेटी भरल्या.

हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवून द्या रे, म्हणून काका सोसायटीत दारोदार फिरले. "काका, यूट्यूबवर सगळं असतं," म्हणून लोक दार लावून घ्यायचे. डोंबल असतं!

त्यातली एक कॅसेट जवळच्याच गोडदेव गावच्या चंद्रावतीबाईंची. त्या मासळी विकायच्या. तरुणपणी सिनेमात होडीतून धपकन पाण्यात पडणारी शेजारीण त्याच असायच्या. लागायचं का, असं काकांनी विचारलं. "लागायचं तं. पानी थंड हाय का न्हाय, कोन इचारतंय? लोकं हसली म्हंजे झालं," असं म्हणून त्या स्वतःच हसत सुटल्या. एवढं मोकळं हसू मी पुन्हा कधी भरून घेतलं नाही. काका रोज सकाळच्या चहाबरोबर तीच कॅसेट लावायचे. खुर्चीतच त्यांचा जीव गेला, तेव्हाही माझ्या पोटात तीच होती.

शोकसभा मात्र झकास झाली. सेक्रेटरी यतीन म्हणाला, काका म्हणजे हास्याचा चालताबोलता इतिहास. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. आठवड्याच्या आत घर रिकामं झालं आणि एकोणचाळीस कॅसेटी भंगारवाल्याच्या गोणीत गेल्या. मला यतीनने उचललं. आठवण जपायची म्हणून उचललं, हेच मला जास्त झोंबतं. पेंटरने झाकण न उघडताच ऑइलपेंटचे दोन हात मारले. बटणं चिकटली, झाकण चिकटलं. आत चंद्रावतीबाई तशाच राहिल्या.

गेल्या महिन्यात त्यांची नात स्वप्नाली आली. आजी वर्षापूर्वी गेल्या होत्या. घरात त्यांचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. काका आजीचं बोलणं भरून घेऊन गेले होते, एवढं तिला ठाऊक होतं. बाकीच्या कॅसेटी भंगारात गेल्याचं इथे आल्यावर कळलं.

"दादा, कॅसेट ह्याच्यातच असेल," ती यतीनला म्हणाली. "एकदा खोलून बघू?"

"आत कुछ नहीं है ताई, मी स्वतः पेंट करून घेतलंय. आणि काही तुटलं, तर कमिटीला जवाब कोण देणार?"

"मी हळूच खोलते ना."

"वाटल्यास बाजूला उभ्या राहा, तुमचा फोटो काढतो."

पोरीने फोटो काढून घेतला नाही. कपाटाच्या काचेला कान लावून थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. मी आतून काय करणार? माझी बोलायची बटणंच रंगात बुडवली होती.

मित्रांनो, माणूस जिवंत असताना त्याचं ऐकायला तुम्हाला सवड नसते, आणि गेल्यावर त्याच्या वस्तूला रंग फासायला मात्र सगळे हजर. पुढच्या महिन्यात काकांचा स्मृतिदिन आहे. मला हार घालतील, भाषणं होतील. तुम्ही येणार असाल तर फुलं आणू नका. रंग खरवडायला एक ब्लेड आणा, आणि येताना स्वप्नालीला सोबत घ्या.