आखडलेला खांदा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. व्यायामोपचाराच्या खोलीत, दाराच्या चौकटीवरच्या कप्पीतून मी दोन्ही बाजूंना लोंबतो. माझ्या टोकांना लाकडी मुठी आहेत. खांदा आखडलेली माणसं खुर्चीवर बसून चांगल्या हाताने एक मूठ खाली ओढतात, आणि दुसऱ्या मुठीतला दुखरा हात मी वर नेतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच काम. आता फार थकलो आहे. कप्पीपाशी माझे पीळ सुटायला लागले आहेत.

कारखान्यात सुताचे तीन पेड पिळून मला तयार केलं, तेव्हा वाटलं होतं, आपण एखाद्या जहाजावर जाणार. आलो तो या खोलीत. पहिली वर्षं कौतुकाची गेली. एका आजींना पुन्हा स्वतःची वेणी घालता आली, तेव्हा त्यांनी जाताना माझ्या मुठीवरून हात फिरवला होता. पण बरी झालेली माणसं सहसा मागे वळून बघत नाहीत. कशाला बघतील? त्यांच्या जागी दुसरं कोणीतरी कण्हत येऊन बसलेलं असतं.

मला विसरता येत नाहीत ते कात्रीकाका. केस कापण्याचं त्यांचं छोटं दुकान होतं. तीस वर्षं कोपर उचलून धरून त्यांनी कात्री चालवली आणि एके दिवशी उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना, शर्टाच्या बाहीत घालतानाही डोळ्यांत पाणी यायचं. दुकान पुतण्याने सांभाळलं. त्याची त्यांना काळजी नव्हती. काळजी होती ती अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या भावाची. या भावाने आयुष्यात दुसऱ्या कोणाला आपल्या डोक्याला हात लावू दिला नव्हता. आता त्याचे केस मानेवर आले होते.

इथे व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी त्यांना नीट समजावलं. आधी गरम शेक द्यायचा. मग हात सैल सोडून झुलवायचा. त्यानंतरच दोराला हात लावायचा. ताण जाणवला की तिथेच थांबायचं, श्वास न रोखता वीस आकडे मोजायचे आणि सावकाश खाली यायचं.

"ताण चालेल, काका. कळ नको," त्या रोज सांगत.

पंधरा दिवसांत हात जेमतेम चार बोटं वर सरकला. एका सकाळी ताई शेजारच्या खोलीत गेल्या होत्या. काकांनी शेक घेतला नाही. दात आवळले आणि सगळ्या ताकदीनिशी मला खाली खेचलं. मी काय करणार? मला थांबता येत नाही. मला फक्त ओढलं की जाता येतं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला आणि मूठ हातातून सुटली.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी हात तपासला, डॉक्टरांकडे पाठवलं. हाड शाबूत होतं, पण आतून सूज आली होती. तीन आठवडे मला हात लावायचा नाही, असं ठरलं. कमावलेली चार बोटं तर गेलीच, वर आणखी दोन गेली. त्या तीन आठवड्यांत मला पहिल्यांदा स्वतःची शरम वाटली.

काका परत आले तेव्हा मान खाली होती. भावाला सगळं सांगितलं, असं ते ताईंना म्हणाले. त्यावर भावाने एवढंच म्हटलं होतं, "अरे, केस वाढतात तर वाढू देत. मला कुठे वरात काढायचीय? तू खांदा सांभाळ."

मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. शेक, झुलवणं, वीस आकडे. काही दिवस हात केसभरही सरकायचा नाही. काका तरी दुसऱ्या दिवशी वेळेवर यायचे. असे सात महिने गेले.

एका दुपारी पुतण्याने चाकांच्या खुर्चीतून थोरल्या भावाला खोलीत आणलं. घरी काही झालं तर काय, म्हणून काकांना ताई जवळ हव्या होत्या. पांढरा कपडा भावाच्या गळ्याभोवती बांधला गेला. काकांनी कात्री घेतली, कोपर खांद्याइतकं वर आलं आणि तिथे टिकलं. मधे चारदा काका थांबले, हात खाली सोडून झुलवला, पुन्हा उचलला. दहा मिनिटांच्या कामाला तास लागला. डावी बाजू जरा वर राहिली.

भावाने आरशात बघितलं. "वाकडे कापलेस," तो म्हणाला. मग बराच वेळ त्याने काकांचा हात सोडलाच नाही.

मित्रांनो, पुढच्या आठवड्यात मला उतरवून इथे नवा दोर लावणार आहेत. लावू देत, माझ्याने आता भार पेलवत नाही. जाण्याआधी एकच मागणं आहे. तुमचे खांदे, गुडघे, कंबर आखडली तर त्यांच्याशी भांडू नका. आधी ऊब द्या, मग हळूच ओढून बघा, आणि ती नको म्हणाली की थांबा. मला थांबता येत नव्हतं. तुम्हाला येतं.