शेततळ्याकाठची बोथट सुरी

मित्रांनो, शेंदूरजनाघाटच्या एका संत्राबागेत घराच्या पडवीत एक खुंटी आहे. त्या खुंटीला चामड्याचं म्यान लटकलेलं असतं आणि त्या म्यानात मी असते. मी एक सुरी आहे. जुनी, साधी, चार बोटं पात्याची आणि बाभळीच्या मुठीची.

मी जन्माला आले ती एका ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून. वरुडच्या लोहाराने तो पाटा लालभडक तापवला, ठोकला, पुन्हा तापवला आणि तेलात बुडवला. त्याच पाट्यातून माझ्या दोन बहिणीही झाल्या. आम्ही तिघीच का झालो, याचं कारण पार्वताबाई.

पार्वताबाई म्हणजे बागेचे मालक खुशालराव यांच्या पत्नी. त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि विळीवर बसणं अवघड झालं. उभ्याने चिरायचं तर सुऱ्या हव्यात, म्हणून दोघं लोहाराकडे आले. लोहाराने भिंतीवर टांगलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या सुऱ्या दाखवल्या. पार्वताबाईंनी एकीलाही हात लावला नाही. त्या आधी विचार करत राहिल्या, आपण दिवसभरात कापतो तरी काय काय. मग त्यांनी सांगितलं की कोहळं, पत्ताकोबी नि कांद्यासाठी एक रुंद, वजनदार सुरी हवी, म्हणजे हाताला जोर करावा लागणार नाही. आलं सोलायला, मिरचीचे देठ काढायला एक लहान हवी. आणि मालकांच्या कमरेला बागेत बाळगायला एक मजबूत.

"बाकीच्या शोभेच्या आहेत," त्या म्हणाल्या. "मले रोज लागते तेवढंच द्या."

रुंद पात्याची माझी मोठी बहीण आणि लहानखुरी धाकटी स्वयंपाकघरात गेल्या. मी खुशालरावांच्या कमरेला गेले.

ती वर्षं फार चांगली होती, मित्रांनो. सकाळी दव सुकायच्या आत आम्ही बागेत असायचो. झाडातली सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, मी काढायचे. फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचा टेकू बांधताना सुतळी कापायचे. पण माझं खरं काम थंडीत यायचं. खुशालराव रोपवाटिकेत जंभेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपांसमोर उकिडवे बसायचे. माझ्या टोकाने रोपाच्या सालीला हलकासा छेद द्यायचे, साल उचलायचे आणि संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा त्या सालीखाली सरकवायचे. डोळा म्हणजे नखाएवढा कोंब, आणि या कामाला म्हणतात डोळा भरणं. तो डाव्या अंगठ्याने दाबून धरायचा आणि उजव्या हाताने वरून पट्टी गुंडाळायची. अंगठा जरा हलला तरी डोळा सरकतो आणि वाळून जातो. खुशालरावांचा अंगठा हलत नसे. त्यांनी भरलेला डोळा फुटतोच, असं आजूबाजूच्या गावांत म्हणत. कुणी स्तुती केली की ते माझ्याकडे बोट दाखवायचे आणि सगळं श्रेय सुरीला द्यायचे. मला ते खरं वाटायचं.

काम संपलं की ते मला कुरुंदाच्या दगडावर घासायचे, पुसायचे, पात्याला तेलाचं बोट लावायचे आणि मगच जेवायला बसायचे.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलं. बारीक काही दिसेना, डोळे भरणं तेवढं बोटांच्या सवयीने चालायचं. त्याच सुमारास त्यांचा मुलगा विपुल अकोल्याची नोकरी सोडून बाग बघायला घरी आला.

विपुल वाईट मुलगा नव्हता. आईवर त्याची माया होती, म्हणूनच त्याने तिच्यासाठी मोबाइलवरून सुऱ्यांचा मोठा संच मागवला. लाकडी घोडीत खोचलेल्या चकचकीत सुऱ्यांची रांगच होती ती. त्यात पावाची करवती सुरी होती, पण त्या घरात पाव कापायची वेळच येत नसे. स्वतःसाठी त्याने एक लांब, काळी, दातेरी सुरी घेतली. तिच्या मुठीत होकायंत्र होतं. मित्रांबरोबर चिखलदऱ्याला तंबू ठोकायला जाताना तो ती कमरेला लावायचा आणि फोटो काढायचा.

नव्या आल्या आणि आम्ही तिघी कुणाच्याच राहिलो नाही. मोठीने गुळाची ढेप फोडली जाऊ लागली. धाकटी रंगाच्या डब्यात पडली. मला विपुल बागेतल्या पाण्याच्या मोटारीजवळ न्यायचा आणि काम झालं की खुंटीला अडकवायचा. माझ्या पात्याने तारांवरचं प्लास्टिक खरवडलं, डब्यांची झाकणं उचकटली. एकदा स्टार्टरच्या पेटीचा स्क्रू फिरवताना माझं टोक उडालं. धार तर केव्हाच गेली होती. तरी रोज सकाळी खुशालराव चाचपडत मला खुंटीवरून काढायचे आणि कमरेला लावायचे. त्यांना सवय होती.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी मला विपुलच्या हातात दिलं. डोळे भरायचे दिवस जवळ आले होते. मला दगडावर धार दिसत नाही, तू लावून ठेव, असं त्यांनी सांगितलं. विपुल मोबाइलवर बोलत होता. त्याने मान हलवली आणि मला खिडकीत ठेवलं. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "धार लावली काय रे?"

"लावली, बाबा," विपुल म्हणाला आणि त्याने मला म्यानात घालून खुंटीला अडकवलं.

त्यात त्याचा काही कपटाचा हेतू नव्हता. उद्या लावू, असंच त्याच्या मनात असणार. उद्या तो विसरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. बागेच्या वरच्या अंगाला शेततळं आहे. पावसाळ्यानंतर ते काठोकाठ भरलेलं असतं आणि त्याच्या उतारावर काळं प्लास्टिक अंथरलेलं आहे. काठावरच्या लोखंडी खांबाला तांबडी कालवड बांधली होती. पाणी प्यायला ती पुढे झाली आणि प्लास्टिकवरून घसरली. नायलॉनचा दोर ताणला गेला. ती अर्ध्या उतारावर मानेने लटकली. पाय मारत होती आणि प्रत्येक लाथेसरशी खाली घसरत होती. गाठ तिच्या वजनाने आवळून दगडासारखी झाली होती.

खुशालराव जवळच होते. हाका मारत ते धावले. काठावर गुडघे टेकून त्यांनी डाव्या हाताने दोर धरला, उजव्या हाताने मला बाहेर काढलं आणि दोरावर ओढलं.

मी कापलं नाही. नायलॉनवरून मी नुसती सरकले. त्यांनी पुन्हा ओढलं. कालवडीचे डोळे पांढरे झाले होते. त्यांना वाटलं आपला जोर कमी पडतो आहे, म्हणून त्यांनी अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. तेव्हा मी दोरावरून निसटले आणि त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या बुडात खोल शिरले.

दोराला जे पातं लागलं नाही, ते माणसाच्या हाताला लागलं. धारदार सुरी जिथे ठेवाल तिथेच कापते. बोथट सुरी जोर मागते आणि मग कुठे जाईल, ते तिचं तिलाही ठाऊक नसतं.

विपुल घरातून काळी सुरी घेऊन धावत आला. तिचे दाते दोराच्या पिळात अडकले. त्याने हिसका दिला तशी पोकळ मूठ निघून त्याच्या हातात आली. शेजारच्या शेतात सुंदराबाई गवत कापत होत्या. हाका ऐकून त्या विळा घेऊनच पळत आल्या. "सरका भाऊ," एवढंच त्या बोलल्या आणि एका ओढीत त्यांनी दोर तोडला. कालवड पाण्यात पडली. विपुलने संत्री तोडायची शिडी उतारावर टाकली, तिच्यावर बारदानं पसरली आणि मजुरांच्या मदतीने तिला वर काढलं. कालवड वाचली.

खुशालरावांना अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. अंगठ्याची शीर तुटली होती. डॉक्टरांनी ती जोडली, पण अंगठा पूर्वीसारखा वळणार नाही, असं सांगितलं. पार्वताबाईंनी फक्त एवढंच विचारलं की डोळे भरता येतील का. डॉक्टरांना आधी डोळे भरणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्यांनी नाही म्हटलं.

माझ्यावरचं रक्त विपुलनेच धुतलं. मोरीत बसून तो मला कितीतरी वेळ घासत होता. त्याने माझ्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच झालं नाही.

गावातले लोक भेटायला येत. प्रत्येकाला खुशालराव एकच सांगत, "माहीच चूक. नजर कमी झाली तं आधी धार पाहून घ्यायले पायजे होती." विपुल चहाचे कप घेऊन यायचा, हे ऐकायचा आणि आत जायचा. त्याचं जेवण कमी झालं. वडील स्वतःला दोष देत होते आणि तो ते देऊ देत होता. मी खुंटीवरून रोज हे बघत होते. मलाही तोंड नव्हतं.

एका सकाळी खुशालराव पडवीत एकटेच संत्रं सोलायचा प्रयत्न करत होते. अंगठा ताठ होता. संत्रं हातातून निसटून अंगणात घरंगळलं. विपुलने ते उचलून आणलं, पण दिलं नाही. हातात धरून तो उभा राहिला.

"बाबा, मी धार लावलीच नोती," तो म्हणाला. "तुमाले खोटं सांगतलं."

पार्वताबाई दारात थबकल्या.

"सांगून तू मोकळा झाला," खुशालराव म्हणाले. "हात काई मोकळा होत नाई माया."

ते रागावले असते, तर विपुलला बरं वाटलं असतं. ते उठून बागेत निघून गेले.

त्या दिवशी विपुलने रंगाच्या डब्यातून धाकटीला शोधून काढलं. माळ्यावरून कुरुंदाचा दगड आणला. लोहाराकडे जाऊन मला नवं टोक घडवून घेतलं. पार्वताबाईंनी घोडीतल्या सगळ्या सुऱ्या ओट्यावर मांडल्या आणि त्यांतली एकही ठेवली नाही. मोठी आणि धाकटी पुन्हा त्यांच्या हाताशी आल्या.

डोळे भरायचे दिवस आले. जंभेरीच्या रोपांसमोर आता विपुल बसला आणि खुशालराव त्याच्या मागे उभे राहिले. जेवढं लागेल तेवढंच ते बोलत. खोल जाऊ नको, साल तेवढी उचल. पट्टी ढिली पडली. माझी धार अगदी बारीक होती, पण विपुलचा अंगठा हलायचा. त्याने भरलेले पुष्कळ डोळे वाळले. वाळलेला प्रत्येक डोळा बघताना तो वडिलांच्या हाताकडे बघायचा नाही, हे मी पाहिलं आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर विपुलची धाकटी बहीण प्रणाली घरी आली. ती अकोल्याला शेतीचं शिक्षण घेते. तिला मेळघाटात जंगलाच्या शिबिराला जायचं होतं, म्हणून तिने भावाकडे एखादी मोठी सुरी मागितली. विपुलने वरुडच्या लोहाराकडून आणलेला एक लहान, मिटणारा चाकू तिच्यापुढे ठेवला आणि त्याच्या शेजारी दगडाचा तुकडा. दोर, काठी, फळ, पट्टी एवढंच तिकडे कापावं लागतं, असं त्याने सांगितलं. अकोल्याच्या खोलीवर स्वयंपाकाला एक मधली सुरी पुरे.

प्रणालीला चाकू फारच लहान वाटला. मग तिला आठवण झाली. बाबांचा अंगठा तर यापेक्षा जरा मोठ्या सुरीनेच गेला, नजर कमी असल्यामुळे, असं ती म्हणाली. तिला तेवढंच माहीत होतं.

विपुल तिथे गप्प राहू शकला असता.

"नजरेनं नाई," तो म्हणाला. "माया खोटं बोलण्यानं गेला." आणि त्याने तिला सगळं सांगितलं, काहीही न वगळता. प्रणाली ऐकत राहिली. तिने चाकू मिटला आणि दगडाचा तुकडा हातात घेतला.

पलीकडे बाजेवर खुशालराव बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "विपुल, पोरीले दगड कसा धरतात ते दाखव. तुले चांगलं जमते आता."

मित्रांनो, घरात सुऱ्या थोड्याच ठेवा, पण ज्यांची रोज गरज आहे त्याच ठेवा. त्यांनी डबे उघडू नका, तारा खरवडू नका. काम झालं की पुसा, दगडावर फिरवा, कोरड्या ठेवा. आणि कुणी धार लावली का विचारलं, तर लावली नसेल तेव्हा नाही म्हणा. नाही म्हटल्याने दोन शब्द ऐकावे लागतील, एवढंच.

माझी धार आता उत्तम आहे. यंदा विपुलने भरलेले बरेच डोळे फुटले. खुशालरावांचा अंगठा मात्र अजून वळत नाही.