सोळा काड्या

आमच्या यांचा डावा जबडा गेल्या वर्षी काढला. कॅन्सरची गाठ होती, तीही गेली. पायातलं हाड काढून त्याचा नवा जबडा केला आणि पायाचीच कातडी गालाला आतून लावली. त्या कातडीवर तोंडात केस उगवतात, याचंसुद्धा मला आता नवल वाटत नाही. नवल वाटतं ते या माणसाच्या डोक्याचं. ते जुनंच राहिलंय.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, तोंड उघडायचा व्यायाम चुकवायचा नाही. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. पंधरा मावल्या की नव्या जबड्यावर दात बसवता येतील. आतला व्रण आवळत गेला, तर पुन्हा ऑपरेशन. मी कान देऊन ऐकत होते. हे खिडकीची चौकट न्याहाळत होते. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, बाहेर आल्यावर म्हणाले, ती काटकोनात नाही.

रोज सकाळी जेवणाआधी मी मोजायला बसायचे. आठ. परत आठ. दोन महिने गाडं आठवरच अडलं. मी ओरडले, विनवण्या केल्या, अबोला धरला. मग एका सोमवारी नऊ झाल्या, पुढच्या आठवड्यात अकरा, आणि बघता बघता सोळा. मी शेजारीपाजारी सांगत सुटले.

तपासणीच्या दिवशी काड्यांचा गठ्ठा पर्समधून काढून मीच टेबलावर ठेवला. हात दाखवून अवलक्षण. डॉक्टरबाईंनी आपली मोजपट्टी यांच्या दातांपाशी धरली, मग माझ्या गठ्ठ्यातली एक काडी उचलून उजेडात पाहिली.

"रंधा छान मारलाय," त्या म्हणाल्या. "तोंड मात्र होतं तिथंच आहे."

सोळाच्या सोळा काड्या यांनी तासून निम्म्या जाडीच्या केल्या होत्या. वर पॉलिशपेपरने घासल्याही होत्या. फसवणुकीतसुद्धा काम कच्चं नको. मला कळलं नाही, कारण मी आकडा बघत होते, काडी नाही. डॉक्टरबाईंनी शेवटचे सहा आठवडे दिले.

घरी येऊन दार लावलं आणि मी तोंड सोडलं. "कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकलीत? जबडा तुमचा, परत कापून घ्यायची हौस आहे का? अहो, मी बोलतेय तुमच्याशी."

यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आठ निघाल्या की तू जेवायची नाहीस."

"काहीतरीच."

"भूक नाही म्हणून ताट झाकून ठेवायचीस. नऊ झाल्या त्या दिवशी दोनदा वाढून घेतलंस."

मला संताप आला. कारण ते खरं होतं. माझे सगळे कपडे सैल झाले होते आणि मला वाटत होतं, या घरात फक्त मीच लक्ष ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी रंधा कपाटात कोंडला आणि नव्या काड्यांचं पाकीट फोडलं. आधी माझं ताट वाढून घेतलं आणि यांच्यासमोर बसले. "कितीही निघू देत, मी जेवणार. लावा."

घास गळ्याखाली उतरत नव्हता, पण मी उतरवला. यांनी काड्या लावल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आठ," मी म्हणाले. "पुरे आता, काढा."

यांनी नाही म्हणून मान हलवली आणि माझ्या ताटाकडे बोट केलं. अर्धं तसंच होतं. मी ते संपवेपर्यंत त्यांनी काड्या काढल्या नाहीत.