स्वतःला दिलेले मार्क

रुचिता सापगावची. इंजिनिअर झाल्यावर तिच्या मैत्रिणी ठाण्याकडे गेल्या. ही मात्र वाशिंदजवळ कुंडलिकदादांच्या कारखान्यात लागली. तिथे शेतीची अवजारं बनत. पोरगी हुशार, यंत्राचं चित्र काढावं तर तिच्याच हातचं. एकच खोड होती. स्वतःच्या वाट्याचं काही मागायची वेळ आली की तिची जीभ जड व्हायची. घरी लाडू वाटायला बसली तर सगळ्यांना पुरवून उरलेला चुरा स्वतः खायची, आणि घरातले त्याला चांगलं वळण म्हणायचे.

पावसाळा सरता सरता कारखान्यात एक काम आलं. पायानं चालवायचं भातझोडणीचं यंत्र तिथे बरीच वर्षं बनत होतं. यंत्र उत्तम, पण शेतात न्यायचं तर माणसं गोळा करावी लागत. माल घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं कळवलं, की ते बांधावरून सहज नेता येईल असं करा, किंमत वाढू देऊ नका, आणि निदान तीन पर्याय ताडून दाखवा. व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच. वस्तूनं जे काम करायचं ते नीट व्हावं, आणि कामाला न येणारा खर्च गळून पडावा.

रुचितानं पुढे एक चाक आणि मागे दोन मुठी, अशी ढकलगाडीसारखी रचना काढली. तिच्या बाजूच्या टेबलावरचा प्रणित मुरबाडकडचा. त्यानं यंत्राचे दोन भाग केले. खिळ्या काढल्या की भात झोडणारा ढोल वेगळा, सांगाडा वेगळा. तिसरं काही सुचेना. तेव्हा कुंडलिकदादा म्हणाले, "चारी कोपऱ्यांना दांडे लावा. पालखीसारखा उचलायचा. तीन पायजेत ना, झाले तीन."

मग तक्ता आखला. उभ्या रकान्यांत तीन रचना, आडव्या ओळींत कसोट्या: नेण्याची सोय, मजबुती, खर्च, दुरुस्ती. तिघांनी आपापल्या कागदावर पाचपैकी मार्क द्यायचे आणि बेरीज करायची. रुचिताला आपली रचना मनापासून आवडली होती. त्या चाकाच्या जागेसाठी तिनं किती चित्रं खोडली होती. पण मार्क द्यायची वेळ आली आणि हात आखडला. आपल्याच बाळाचं कौतुक आपणच कसं करायचं, असं काहीसं वाटून तिनं स्वतःच्या चाकाला सगळीकडे दोन दिले, प्रणितच्या रचनेला चार, आणि दादांना वाईट वाटू नये म्हणून पालखीला तीन.

बेरीज झाली. पालखी पहिली आली.

दादा चष्मा काढून पुसायला लागले. "हा कसा काय झाला?" ते म्हणाले. "मी तर जागा भरायला टाकला होता."

त्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांना हसू आवरेना. प्रणितनंही तेच केलं होतं. स्वतःला दोन, रुचिताला चार, पालखीला तीन. दादांनी मात्र दोघांना तीन-तीन देऊन पालखीला सरळ पाच दिले होते.

"दादा, तुम्ही स्वतःला पाच दिले?" प्रणितनं विचारलं.

"माझा होता ना. मग देऊ नको?" दादा म्हणाले. मग रुचिताकडे वळले. "तुझा चाक खराब हाय का गो?"

"नाही."

"मग दोन का?"

रुचितानं मान खाली घातली. "स्वतःला जास्त देणं बरं दिसत नाही."

"माझे पाच खोटे, ता तर झालाच," दादा शांतपणे म्हणाले. "पण तुझे दोन पण खोटेच. मी लोभानं खोटा बोललो, तू लाजून. तक्त्याला काय कळणार? त्यानं दोन्ही खोट्यांची बेरीज केली आणि पालखी काढली."

हे वाक्य रुचिताला झोंबलं. आजवर ज्याला ती चांगुलपणा समजत आली, त्याला कुणी खोटं म्हटलं नव्हतं. पण पालखी समोर पहिली येऊन बसली होती.

ठरलं असं, की तिन्ही नमुने बनवायचे, शेतात न्यायचे, आणि कारण सांगता येईल तेवढेच मार्क द्यायचे.

मुरबाडजवळ प्रणितच्या आत्याचं, सुंदराचं, शेत होतं. भात कापून पडला होता. कोणत्या कसोटीला जास्त महत्त्व द्यायचं, हे रुचितानं तिलाच विचारलं.

"एकटीला नेता आला पायजे," आत्या म्हणाली. "पोरगा कंपनीत पाळीवर, सून पण पाळीवर. माणसं आणू कुठून?"

इथेच पालखी बाद झाली. दादांनी वाद घातला नाही.

प्रणितचे दोन भाग आत्यानं दोन खेपांत नेले, बिनबोभाट. पण खिळ्या परत बसवताना एक पेंढ्यात पडली आणि तिघं ओणवे होऊन ती शोधत बसले. मग चाक. दादांनी हौसेनं मुठी धरल्या, चार पावलं गेले आणि यंत्रासकट बांधावरून खाली ओल्या मातीत बसले. आत्या पदर तोंडाला लावून हसली.

रुचिताला वाटलं, संपलं. सवयीनं तिच्या तोंडाशी आलंच होतं, की जाऊ दे, प्रणितचंच चांगलं आहे. पण ती म्हणाली, "आत्या, तुम्ही एकदा धरून बघा. मुठी जरा खाली धरा. वजन चाकावर येतं, हातावर नाही. मी तसंच काढलंय ते."

आत्यानं धरलं. दोन हंडे डोक्यावर घेऊन अशाच बांधांवरून तिचं आयुष्य गेलेलं. यंत्र जरा डुललं, मग सरळ चालू लागलं. दोन बांध ओलांडून ती थेट भाऱ्यांपाशी जाऊन थांबली.

तिथेच बांधावर बसून नवा तक्ता भरला. या वेळी रुचितानं स्वतःच्या चाकाला नेण्याच्या सोयीसाठी पाच दिले आणि कारण लिहिलं: एकटी बाई, एक खेप. दुरुस्तीला दोनच दिले, कारण गावात तसं चाक मिळणार नव्हतं, तेही लिहिलं. मजबुतीत प्रणित पुढे निघाला. पण आत्याच्या कसोटीचं महत्त्व दुप्पट धरलं होतं, आणि थोडक्या फरकानं चाक पहिलं आलं.

"हे माझं डिझाइन," ती म्हणाली. जीभ जड झाली नाही.

"कंपनीसमोर पण असाच बोल," दादा पँटची माती झटकत म्हणाले.

प्रणित हसत होता. "मी तुला पाच दिले," तो म्हणाला, "आणि या वेळी लाजून नाही."

नमुने टेम्पोत चढवायची वेळ झाली. पालखी चढली, दोन भागांचं यंत्र चढलं. चाकाचं मात्र आत्यानं सोडलं नाही. "भात झोडून होऊ दे," ती म्हणाली आणि पायानं यंत्र चालवायला लागली. पुढच्या आठवड्यात दादांनी फोन केला तेव्हा कळलं, की ते शेजारच्या तानीकडे गेलंय, आणि तानीनंतर आणखी कुणीतरी नंबर लावलाय.