निखारेबाबाचा दुसरा गज

गोदामाचं शटर अर्धंच वर केलेलं होतं आणि माणसं त्याखालून वाकून वाकून आत शिरत होती. आत जुन्या टायरांचा वास, मधोमध कोळशाची भट्टी, आणि भट्टीपुढे उंच स्टुलावर निखारेबाबा. बाबाने सावकाश हात पुढे केला आणि धगधगत्या कोळशातला हातभर लांबीचा काळा गज उघड्या मुठीत धरून वर उचलला. गजाचं एक टोक लालभडक, दुसरं त्याच्या मुठीत. चेहऱ्यावर आठी नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले.

"लोखंडाला नातं नाही," बाबा म्हणाला. "लोखंडाकडे वशिला चालत नाही. ज्याचं अंग स्वच्छ, त्याला ते गार. ज्याच्या अंगात दुसरं कोणी ठाण मांडून बसलंय, त्याला ते जाळणार. मी कोण? मी नुसता भट्टीचा नोकर."

नोकराच्या बोटांत अंगठ्यांची दाटी झाली होती.

माझी ताई माझ्या शेजारी हात जोडून उभी होती. मी हात जोडले नव्हते. एक तर मला असल्या लोकांची चीड आहे, आणि दुसरं म्हणजे मला एका जागी उभंच राहवत नाही. मी दातांची डॉक्टर. दिवसभर स्टुलावर बसून काढते, त्याची सगळी चुळबुळ नंतर बाहेर पडते.

पहिला आला एक दुकानदार. बाबाच्या चेल्याने सांडशीने भट्टीतून एक गज काढून त्याच्या हातात दिला. दुकानदाराने डोळे घट्ट मिटून तो धरला, मग एक डोळा उघडला, मग हसला. हाताला काही नाही. त्याने गज टणकन फरशीवर ठेवला. मग आली कपडे शिवणारी एक बाई. चेल्याने तिलाही तसाच गज दिला. तिची बोटं त्यावर मिटली न मिटली तोच ती किंचाळली, गज फरशीवर पडला आणि ती तळहात छातीशी धरून खाली बसली.

"कसली औषधं घेतेस?" बाबाने विचारलं.

"साखरेची," ती रडत म्हणाली.

"औषध तुला लागत नाही, आत बसलाय त्याला पोसतं. उपाशी ठेव त्याला. सगळ्या गोळ्या आणून या भट्टीत टाक."

ताईने माझा दंड पकडला. "ऐकलंस? औषध त्याला पोसतं म्हणे."

ती कोणाचा विचार करतेय ते मला कळलं. तिची मुलगी, आमची चिमणी. लहानपणापासून फिट येतात. गोळ्यांनी कितीतरी वर्षं सगळं ठीक होतं. मग परीक्षेच्या धांदलीत जागरणं झाली, गोळ्या चुकल्या आणि पोरगी भर वर्गात कोसळली. भावोजी जहाजावर नोकरीला. ताईने एकटीने ते सगळं निभावलं आणि तेव्हापासून तिचा धीर सुटला.

रस्त्यावर आल्या आल्या मी तोंड सोडलं. "गोळी चुकली म्हणून फिट आली, आणि तू गोळ्याच बंद करणार? अशा एकदम बंद केल्या तर फिट थांबतच नाही कधी कधी. माणूस जातो त्यात."

"तू दातांची डॉक्टर. दातांपुरतं बोल," ताई म्हणाली. "पुढच्या रविवारी नाव दिलंय मी तिचं. तोवर देते गोळ्या. हात भाजला, तर बंद."

"आणि हात भाजतो कसा, ते विचारशील का त्याला?"

"तूच विचार. तुझ्या घरी आहे की भट्टी."

ते खरं होतं. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक बारीक कोरल्यावर मला संध्याकाळी काहीतरी दणकून बडवावंसं वाटतं, म्हणून मी गाडी अंगणात काढली आणि गॅरेजात लोहारकाम मांडलं. लोहारकाम म्हणजे काय, तर ट्रकचा जुना ब्रेक ड्रम ही भट्टी. त्याच्या बुडाला पाइप आणि पाइपाला केस वाळवायचं यंत्र, हा भाता. ऐरणीची किंमत ऐकून मी दुकानातून परत आले होते, म्हणून ऐरण भंगारातून आणली. रेल्वेच्या रुळाचा तुकडा, झाडाच्या ओंडक्यावर ठोकून बसवलेला.

तो निवडताना मी भंगारवाल्याच्या आवारातला एकेक तुकडा हातोडीने वाजवत हिंडले होते. चांगलं पोलाद टणकन वाजतं आणि हातोडी परत उडवतं. मऊ धातू आवाजच गिळतो. भंगारवाला वैतागून म्हणाला होता, "मॅडम, भंगार घ्यायचंय की वाजंत्री?" तेव्हापासून मला खोडच लागली. कठडा दिसला की टकटक, फाटक दिसलं की टकटक. नवरा म्हणतो, "गाडी उन्हात, लोखंड सावलीत आणि बायको ठोकठोकीत. चाललंय आमचं."

त्याच संध्याकाळी मी भट्टी पेटवली. लोखंडी गज घातला, टोक लाल केलं आणि दुसरं टोक उघड्या हाताने उचललं. कोमट. म्हणजे बाबाचा चमत्कार कुठलाही लोहार रोज करतो. हातभर लोखंडातून उष्णता एवढी हळू सरकते की एक टोक लाल झालं तरी दुसरं धरता येतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, अख्खा गजच पेटलाय.

पण मग ती शिवणारी बाई भाजली कशी? मी वारा वाढवला, गज जास्त वेळ ठेवला, जाड घेतला, बारीक घेतला. मुठीकडचं टोक काही भाजण्याइतकं तापेना. आठवडा असाच चालला. जेवताना उठायची, भट्टी पेटवायची, परत यायची. नवऱ्याने माझं ताट झाकून ठेवायला सुरुवात केली. "अगं, बस जरा," तो म्हणायचा. मला बसवत नव्हतं. इकडे रविवार जवळ येत होता आणि ताई माझा फोन उचलत नव्हती.

दवाखान्यात एका पेशंटची दाढ काढताना माझ्या कोपराचा धक्का लागून स्टीलचा ट्रे खाली पडला. टण्ण असा आवाज झाला की पेशंटने खुर्ची सोडली. आणि मी ट्रेकडे बघतच राहिले. गोदामात दुकानदाराने खाली ठेवलेला गज असाच वाजला होता. त्या बाईच्या हातून पडलेला मात्र वाजलाच नव्हता. नुसता थप्प. हातोडीने वाजवला असता तर मी तिथेच ओळखला असता, पण माझं लक्ष तिच्या किंकाळीकडे होतं.

दवाखाना बंद करून मी थेट भंगारवाला गाठला. त्याच्याकडून तांब्याचा गज घेतला, तेल फासलं आणि जाळात धरून काळा केला. लोखंडाच्या शेजारी ठेवला, तर मला स्वतःला वेगळा ओळखता येईना. दोन्ही भट्टीत घातले आणि नवऱ्याला हाक मारली.

"हा धर."

"गार आहे," तो म्हणाला.

"आता हा. मुठीत नको धरूस, नुसतं बोट टेकव."

"आई गं," म्हणत त्याने बोट पाण्याच्या बादलीत घातलं.  "रविवारी मीपण येतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

मी ताईच्या घरी धावले. ताई भाजी चिरत होती, तिने मान वर केली नाही. "तुझ्या गॅरेजमधलं लोखंड वेगळं, बाबांचं वेगळं." पण चिमणी माझ्याबरोबर गॅरेजात आली. तिने लोखंड हातात धरलं. तांब्याच्या टोकावर पाण्याचा थेंब टाकला, तो चर्रकन उडाला. तिने आणखी एक थेंब टाकून पाहिला. मग म्हणाली, "मावशी, तिथे तू भांडत बसू नकोस. मी बोलेन. हात माझा आहे."

रविवारी गर्दी दुप्पट होती. चेला रांगेतून फिरत गोड बोलून चौकशी करत होता. काय दुखतं, कोणाचं औषध, घरी कोण कोण. कोणाला कुठला गज द्यायचा ते असं ठरत होतं. जो नुसताच आशीर्वादाला आलाय, त्याला लोखंड. जो घाबरलेला, त्याला तांबं. ताईने त्याला सगळं सांगून टाकलं. तिच्या मुठीत चिमणीच्या गोळ्यांची पाकिटं होती.

बाबाने आपला गज उचलला, लोखंडाला नातं नाही वगैरे म्हणून झालं. चेल्याने सांडशीत दुसरा गज धरून चिमणीपुढे केला. 

चिमणीने हात पाठीमागे घेतला. "बाबा, तुमच्या हातातला मला द्या," ती म्हणाली. "आणि हा तुम्ही धरा."

मागची माणसं माना उंच करून बघू लागली.

"मुली, परीक्षा तुझी आहे," बाबा म्हणाला.

"लोखंडाकडे वशिला चालत नाही ना? मग कुठलाही गज चालेल. तुमचं अंग तर स्वच्छच आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "खरंच की. धरा की बाबा."

बाबाने गज धरला नाही. चेल्याने सांडशी पुढे रेटली, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी पिशवीतून माझी सांडशी काढून त्याचा गज खेचून घेतला, फरशीवर ठेवला आणि कानस फिरवली. काळ्या थराखाली तांबडी लकाकी आली.

"बघा," बाबा ओरडला. "रक्त आलं. तिच्या अंगातल्याचं रक्त."

"रक्त नाही, तांबं आहे," मी म्हणाले. "भंगारवाल्याकडे किलोवर मिळतं." मग त्याच्या हातातला गज मागितला. तो देईना. नवऱ्याने काढून घेतला. त्यावर कानस फिरवली, तर खालून पांढरं चकचकीत लोखंड. "तांब्यातून उष्णता भराभर पळते, लोखंडातून रखडत जाते. एवढाच यांचा देव. हा लोखंडाचा गज फिरवा सगळ्यांत, मुठीकडून धरा, कोणीही धरा."

गज हातोहात फिरला. कोणी भाजलं नाही. ज्यांच्या अंगात म्हणे कोणीतरी बसलं होतं, तेही भाजले नाहीत. दोघंतिघं माझ्यावरच चिडले, देवाधर्माची चेष्टा करते म्हणाले. म्हणोत बापडे. चेला केव्हाच मागच्या दाराने पसार झाला होता.

तळहाताला पट्टी बांधलेली ती शिवणारी बाई पुढे आली. तिने तांब्यावरचा तो तांबडा ओरखडा निरखून पाहिला. "म्हणजे माझ्या अंगात कोणी नाही?"

"साखर आहे. बाकी कोणी नाही."

"गोळ्या मी इथेच जाळल्या," ती म्हणाली. "या हाताने सुईही धरवत नाही मला." माझा नवरा तिला घेऊन डॉक्टरकडे गेला.

ताई अजून भट्टीसमोर उभी होती, पाकिटं मुठीत. मला धडकी भरली, कारण ताई एकदा हट्टाला पेटली की कोणाचं ऐकत नाही. ती खाली वाकली आणि मी काही म्हणायच्या आत तिने तांब्याच्या गजाला, मुठीकडच्या टोकाला, बोट लावलं. झटकन मागे घेतलं. बोटावर पांढरा चट्टा उमटला. तिने तो पाहिला, मग चिमणीचा तळहात आपल्या हातात घेऊन पाहिला, आणि मग बाबाकडे वळली.

"हा तू माझ्या पोरीच्या हातात देणार होतास?" ती म्हणाली.

एवढा वेळ अहो-जाहो करणारी माझी ताई.  तिने पाकिटातून गोळी काढली, कोणाकडून तरी पाण्याची बाटली घेतली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, चिमणीला दिली. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

असे बाबा पुन्हा भेटतील, गज नसेल तर आणखी काही असेल. तुम्हाला धातूचं ज्ञान असायची गरज नाही, माझ्यासारखी गॅरेजात भट्टी मांडायचीही गरज नाही. चालू असलेलं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आणि कोणी तुमची परीक्षा घ्यायला काही पुढे केलं, तर चिमणीने मागितली तशी अदलाबदल मागा. आधी त्याला धरू द्या. त्याने धरलं नाही, तर आपला हात मागे घ्या आणि घरी चला.