साहेबांची प्रत

ऑफिसातले रिपोर्ट बाहेर फुटत होते, म्हणून साहेबांनी प्रोग्रामरला फर्मावलं, "प्रत्येकाच्या प्रतीवर मजकुरामागे त्याचं नाव छाप, डोळ्यांना दिसणार नाही इतकं फिकट. माझ्या प्रतीवर मात्र नको. माझं नाव रिकामं सोड."

प्रोग्रामरने कोड लिहिला. पानाच्या पार्श्वभूमीला एक चित्र, त्यात तिरकं, पुसट नाव. त्याचा संशय हिशेबनीसावर होता. मेला हल्ली फारच गोड बोलायचा.

आठवड्याभरात रिपोर्ट पुन्हा फुटला. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि फुटलेलं पान पडद्यावर लावलं. प्रोग्रामरने ऐटीत रंग गडद केले. मजकुरामागून नाव वर आलं ते त्याचं स्वतःचंच!

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. मग त्याला एकदम आठवलं. चाचणीसाठी त्याने कोडात लिहून ठेवलं होतं, नाव रिकामं आलं तर माझं छाप. ती ओळ काढायचीच राहिली होती.

"साहेब," तो म्हणाला, "तुमची प्रत बघू या का? तिच्यावरही माझंच नाव निघेल."

हिशेबनीस प्रत आणायला उठला, तसे साहेब गरजले, "कोणी जागचं हलायचं नाही!"