स्टॉप आणि ऑफ

मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. साबणाच्या अख्ख्या कारखान्यात इंग्रजी येणारा मी एकटा. साहेबसुद्धा सही ठोकण्याआधी मला विचारायचे! सगळे मला मास्तर म्हणत.

परवा भाचीच्या घरी तिच्या पोरांना हेच सांगत बसलो होतो. भाची शेजारी इस्त्री करत होती.

"साबण ढवळायच्या टाकीवर दोन पाट्या लागायच्या," मी म्हणालो. "पिवळी स्टॉप, लाल ऑफ. आपल्या मराठीत दोन्हीला बंदच म्हणतात. पण स्टॉप म्हणजे नुसतं बटणावर थांबवलेली. पुन्हा दाबलं की पाती फिरली. ऑफ म्हणजे मेन स्विच खाली, त्याला कुलूप, आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात. एक वाघ झोपलेला, दुसरा मेलेला."

"आत कोण उतरायचं?" धाकटीनं विचारलं.

"तुझे आजोबा. माझे दाजी. कडेला चिकटलेला साबण खरवडायला. बूट बाहेर काढून उतरायचं, नाहीतर तळाशी घसरगुंडी. त्या दिवशी पाटी पिवळी होती. दाजी म्हणाले, 'मास्तर, लाल नको का रे?' कुलूप आणायला पार स्टोअरपर्यंत जावं लागायचं, आणि जेवणाची घंटा व्हायला आलेली. मी म्हणालो, 'दाजी, इंग्रजी तुम्हाला येतं की मला? दोन्ही एकच. उतरा बिनघोर.'"

इस्त्री जागच्या जागी राहिली.

"बटण टाकीच्या पलीकडे. पॅकिंगवाला माल मागायला आला, पिवळी पाटी बघितली, बटण दाबलं. त्याचं काही चुकलं नाही. त्याला स्टॉपचा अर्थ बरोबर ठाऊक होता. पाती फिरली! मी चित्त्यासारखी झेप घेतली, दाजींची कॉलर धरली, आणि एका हातानं, एका हातानं बरं का, मुळा उपटावा तसं त्यांना वर काढलं. पात्यांच्या वाट्याला आला फक्त डावा बूट! दाजी हसून म्हणतात, 'मास्तर, आता लंगडी घालत घरी जाऊ का?' पुढे ते बोटीवर नोकरीला लागले, ते थेट..."

पोरं खिदळली.

भाचीनं इस्त्री उभी करून ठेवली. आवाज चढवला नाही.

"मामा, दोन्ही बूट घरी आले होते. फक्त बूटच. आई दर रविवारी पुसायची."